आईची बदामाची नानकटाई

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिलं आहे.)



सेक्रेटरींनी मला खरं तर ‘आपल्या संस्थेची आर्थिक वाटचाल’ असा विषय दिला होता. पहिली सात वर्षं मी खजिनदार होतो, आणि सदतीस वर्षं बँकेत घालवलेली, तेव्हा त्यांना तो विषय सुचणं साहजिक आहे. पण मी म्हटलं, साहेब, माझ्या तोंडून सिंकिंग फंड हा शब्द ऐकला की लोक अजून लिफ्टऐवजी जिन्याने जातात. सणाच्या दिवशी कशाला? ऑडिट झालेले हिशेब ऑफिसात आहेत, ज्यांना झोप येत नाही त्यांनी ते न्यावेत. मी आज नानकटाईवर बोलणार आहे. मागच्या टेबलावर जे डबे तुम्हाला दिसतायत, त्यात तीच आहे. पण भाषण संपेपर्यंत झाकण उघडायचं नाही.

आमचं घर सांगलीचं, गावभागातलं. आपला मराठी फराळ बघितलात तर सगळा कढईतला. चकली तळायची, करंजी तळायची, शंकरपाळे, अनारसे, कडबोळी, सगळं तळायचं. लाडू आणि चिवडा काय ते कढईतल्या तेलाबाहेरचे. भाजून काढायचा पदार्थ एकच, तो म्हणजे नानकटाई, आणि तिच्यासाठी घरात सोयच नसायची. चुलीला वरून आच देता येत नाही. पुढे तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, झाकणाला काच असलेला, तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. कुणी कुकरमध्ये वाळू घालूनही भाजायचे. पण मी सांगतोय ते १९६०-६२ सालचं. तेव्हा नानकटाई करायची म्हणजे भट्टीवर न्यायची.

नान म्हणजे फारसीत रोटी. हा पदार्थ आपल्याकडे सुरतेकडून आला असं सांगतात. १९८१ ते ८४ माझी बदली सुरतेला होती, तिथे डच लोकांची वखार, त्यांचे पाववाले आणि ते गेल्यावर भट्टी सांभाळणारे पारशी, अशी गोष्ट मी बऱ्याच जणांकडून ऐकली. सुरतेची नानकटाई चांगलीच असते. पण प्रत्येक माणसाला आपल्या घरची चव ही मूळ प्रत वाटते आणि बाकीच्या सगळ्या झेरॉक्स. मीही त्याला अपवाद नाही.

आमच्या घरची नानकटाई वेगळी ती एवढ्याचसाठी की तिच्यात बदामाची भरड असायची. वर लावायला तर बदाम सगळेच लावतात. पण आमच्यात पिठाच्या चौथ्या हिश्शाइतका बदाम पिठातच जायचा. हे आईने माहेराहून आणलेलं. आमचे अण्णा कोर्टात कारकून. बदाम ही काही कारकुनाच्या घरातली वस्तू नव्हे. आई वर्षभर जमवायची. कुणी ओटी भरली, कुणाच्या बारशाला गेली, त्यातले दोन-चार बदाम तोंडात न टाकता थेट डब्यात. तो डबा फडताळात सर्वांत वर, लोणच्याच्या बरणीच्या मागे. दिवाळीच्या आधी तो खाली उतरायचा तेव्हा आम्ही दोघे भाऊ मोजायला बसायचो. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तो मोजायचा आणि मी त्याने मोजलेले पुन्हा मोजायचो. माझ्यात बँक तेव्हापासूनच होती म्हणा.

कृती मी जरा सविस्तर सांगतो, कारण स्मरणिकेत छापायची आहे असं सेक्रेटरींनी बजावलंय.

बदाम रात्री गरम पाण्यात टाकायचे आणि सकाळी सोलायचे. भिजलेला बदाम दोन बोटांत दाबला की सालातून सुटून उडतो. दादा नेम धरून माझ्या कपाळावर मारायचा. मग धुतलेल्या पंचावर पसरून दोन दिवस उन्हात. कावळे राखायचं काम माझं. चांगले खडखडीत वाळले की खलबत्त्यात कुटायचे. पाट्यावर नाही. पाट्यावर वरवंट्याखाली त्याला तेल सुटतं आणि त्याचा गोळा होतो, तो पिठात मिसळत नाही. भरड रव्यासारखी राहिली पाहिजे. आज मिक्सर वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, बटण एका दमात दाबून धरायचं नाही, थांबून थांबून फिरवायचं.

मग तूप. नानकटाई म्हणजे निम्मं तूप फेसण्याचं काम आहे. घरचं रवाळ, थिजलेलं तूप परातीत घ्यायचं आणि तळहाताने एकाच दिशेने फेसायचं. पिवळट तूप हळूहळू पांढरं होतं, हलकं होतं, लोण्यासारखं दिसायला लागतं. त्यात हवा भरली जाते, तीच पुढे नानकटाई फुलवते आणि तिला खुसखुशीत करते. आई अर्धा-पाऊण तास फेसायची. हात बदलायची नाही. मग त्यात पिठीसाखर, पुन्हा फेसणं. मग तीनदा चाळलेला मैदा, थोडं बेसन, बदामाची भरड, चिमूट मीठ, चिमूट खायचा सोडा, जायफळ आणि वेलची. पाणी नाही, दूध नाही, काही नाही. पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की चिवट झालं.

हे पाणी नसण्याचं एक महत्त्व होतं, तेही सांगून टाकतो. आमची आजी कडक सोवळ्याची. पाव घरात येत नसे. पाववाल्याच्या भट्टीतून भाजून आलेली वस्तू ती खाईल हे कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. आणि भट्टी खणभागातल्या एका मुसलमान चाचांची. आईने पहिल्या वर्षी सासूबाईंना शांतपणे सांगितलं, ‘ह्यात पाण्याचा थेंब नाही, सगळं तुपात आहे.’ आजीने बराच वेळ विचार केला. पाण्यात शिजवलेल्याला विटाळ, तुपातल्याला नाही, हा तिच्याच पुस्तकातला नियम. तिने एक घेतली. मग दुसरी घेतली. पुढे मरेपर्यंत दर दिवाळीला ‘अगं, त्या चाचांना डबा दिलास का?’ हे तीच विचारायची. शास्त्र पाळूनही माणसाला वाट काढता येते, फक्त सून हुशार पाहिजे.

तर संध्याकाळी दादा भट्टीवर जाऊन दोन रिकामे पत्रे सायकलच्या कॅरियरला बांधून आणायचा. आई त्यावर नानकटाया थापून ओळीने मांडायची, प्रत्येकीवर अर्धा बदाम. अर्धाच. बदाम उभा चिरून त्याची एक फोड. रात्री दहाच्या सुमारास आम्ही दोघे एकेक पत्रा डोक्यावर घेऊन निघायचो. भट्टीवर पावाचं काम उरकलेलं असायचं. लाकडं विझत आलेली, नुसते निखारे, आणि उतरत्या आचेत नानकटाई टाकायची वेळ. चढत्या आचेत टाकली तर बाहेरून करपते, आत कच्ची राहते. चाचा भट्टीच्या तोंडाशी नुसता हात धरायचे, मनातल्या मनात आकडे मोजायचे आणि म्हणायचे, ‘अजून थांबा.’ लांब दांड्याच्या फावड्याने पत्रा आत सरकवायचे. पन्नास घरांचे पत्रे आलेले, त्यात अदलाबदल व्हायची भीती. कुणी कोळशाने खूण करायचं, कुणी चिठ्ठी लावायचं. आमच्या आईची खूण म्हणजे कोपऱ्यातल्या एका नानकटाईवर अख्खा बदाम. तो दिसला की पत्रा आमचा.

आणि तो अख्ख्या बदामाचा मान जो भट्टीवर जागा राहील त्याचा, असा आईचा नियम. मी दरवर्षी शपथ घेऊन जायचो आणि दरवर्षी मैद्याच्या पोत्यावर झोपून जायचो. दादा जागा असायचा. पहाटे दोनला तो मला उठवायचा, आणि घरी जाताना वाटेत बदाम दाताने तोडून निम्मा मला द्यायचा. आईला सांगायचं नाही, असं बजावून.

१९७२ च्या दुष्काळात आईने एकाच मापाची केली. त्या वर्षी बदामाच्या अर्ध्या फोडीचे पुन्हा दोन तुकडे केले. ७३ मध्ये मी बँकेत लागलो आणि पहिल्या पगारातून एक किलो बदाम घेऊन दिवाळीला घरी गेलो. मला वाटलं, आता आई प्रत्येकीवर अख्खा लावेल. तिने सुरी घेतली आणि उभे चिरायला बसली. म्हणाली, ‘अर्धा म्हणजे अर्धा. अख्खा लावला तर आपला पत्रा कुठला ते कळायचं कसं?’

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता जरा दुसरं सांगतो. हे सांगावं की नाही यावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा झाली. सौ. म्हणाल्या, सांगणार असाल तर नीट सांगा, नाहीतर नुसती कृती सांगून खाली बसा.

माझ्या नोकरीत अकरा बदल्या झाल्या. दादा सांगलीतच राहिला, शाळेत नोकरीला. अण्णांचं शेवटचं आजारपण त्याने काढलं, आईचं त्याने आणि वहिनींनी काढलं. मी दर महिन्याला पैसे पाठवायचो आणि मला वाटायचं माझा हिस्सा मी भरतोय. आई २००६ साली गेली. तेव्हा मी निवृत्तीच्या जवळ आलेलो, मुलीचं लग्न तोंडावर, ह्या फ्लॅटचं कर्ज थोडं राहिलेलं. घर दोघांच्या नावावर झालं होतं. मी दादाला फोन केला असता, समोर बसलो असतो, तर काय ते बोलणं झालं असतं. मी काय केलं? आयुष्यभर थकबाकीदारांना जशी पत्रं लिहिली तसं लिहिलं. वकिलाकरवी नोटीस, रजिस्टर्ड ए.डी. ‘माझ्या अशिलाचा निम्मा हिस्सा’ वगैरे. मसुदा मीच तपासून दिला होता. त्यातलं एक स्वल्पविरामसुद्धा मी दुरुस्त केलं होतं, हे मला अजून आठवतं.

पोचपावती आली, तिच्यावर दादाची सही. उत्तर आलं नाही. चार महिन्यांनी एक चेक आला. व्हॅल्युएशनप्रमाणे निम्मी रक्कम, एक रुपया कमी नाही. सोबत चिठ्ठी नव्हती. त्याने ते पैसे कसे उभे केले ते मला पुढे पुतण्याकडून कळलं. भविष्यनिर्वाह निधी आणि वहिनींच्या पाटल्या. आणि ज्या माणसाला मी नोटीस पाठवली त्याने स्वतः अकरावीनंतर नोकरी धरली होती. माझी फी त्याच्या पगारातून गेली होती. मी ग्रॅज्युएट झालो तो त्याच्यामुळे. ह्याचा हिशेब मी नोटिशीत धरला नव्हता. कायद्याने धरायचा नसतोच म्हणा. चेक मी वटवला.

त्यानंतर सहा वर्षं आम्ही बोललो नाही. लग्नाकार्यात समोर आलो तर नमस्कार, बस्स.

२०१० ला मी निवृत्त झालो. माणूस निवृत्त झाला की त्याला घरात काहीतरी उद्योग लागतो. मी ठरवलं की दिवाळीला आईची नानकटाई करायची. कृती माझ्याकडे होती. १९८८ साली आई आमच्याकडे आली असताना मी ती बँकेच्या डायरीत उतरवून घेतली होती, तिच्या तोंडून, अगदी शब्दशः. तूप एक चिपटं, पिठीसाखर एक चिपटं, पीठ सगळं मिळून दोन चिपटी. चिपटं म्हणजे जुनं धान्याचं माप. आईकडे पितळेचं होतं, तिच्या आईचं. ते अर्थातच सांगलीला. मी म्हटलं, चिपटं काय आणि कप काय, प्रमाण तर एकास एक आणि दोन आहे ना? त्रैराशिक मला येतं.

पहिल्या वर्षी ट्रेमध्ये नानकटाया चोवीस टाकल्या आणि बाहेर एक आली. सगळ्या वितळून एकमेकींत मिसळल्या आणि एक भला मोठा बदामी पापड तयार झाला. बी विंगमधल्या पोरांनी तो सुरीने कापून खाल्ला आणि छान आहे म्हणाले, पोरांचं काय. दुसऱ्या वर्षीही तेच. मी मैदा बदलला, साखर बदलली, ओव्हन दुरुस्त करून आणला. सौ. म्हणायच्या, तूप जास्त होतंय. मी म्हणायचो, आईने सांगितलंय एक म्हणजे एक, डायरीत आहे. लेखी पुराव्यापुढे बायकोचं कोण ऐकतो?

ह्या वेळी सी विंगमधल्या आपल्या वसईच्या बाई मदतीला आल्या. त्यांना सगळे आंटी म्हणतात, त्या समोर बसल्यात, त्यांना आवडणार नाही म्हणून नाव घेत नाही. त्या नाताळाला मार्झिपॅन करतात. त्यातही बदाम भिजवून, सोलून घ्यायचा, पण तो साखरेबरोबर अगदी गंधासारखा बारीक वाटायचा, गुलाबपाणी घालायचं आणि साच्यात दाबून फुलं-पानं काढायची. परवडेना म्हणून पुष्कळ घरांत बदामाच्या जागी काजू आला, त्यांच्या घरी अजून बदामच. त्यांनी माझी परात बघितली, बोट बुडवलं आणि म्हणाल्या, ‘अंकल, हे तूप कुठंय? हे तर तेल आहे.’

बरोबर होतं. आपल्याकडे ठाण्यात ऑक्टोबरमध्ये तूप थिजतं कुठे? ते पातळच असतं, आणि पातळ तूप दोन तास फेसलं तरी त्यात हवा धरत नाही. सांगलीला दिवाळीत पहाटे गारवा असतो. पण एवढ्यानेही सगळं सुटेना. फ्रीजमध्ये तूप थिजवून, फेसून केली, तेव्हा चोवीसच्या साधारण नऊ झाल्या. म्हणजे प्रगती होती. तरीपण पसरतच होत्या.

आता हे ज्याला माहीत असेल असा माणूस जगात एकच उरला होता. परातीशेजारी बसायचा दादा. मी तर कावळे राखायला गच्चीवर.

२०१२ च्या दसऱ्याला मी त्याला पोस्टकार्ड लिहिलं. फोन करायची हिंमत नव्हती. पत्रात दुसरं काही लिहावं असं खूप वाटलं, दोन कार्डं फाडली. शेवटी तिसऱ्यावर एवढंच लिहिलं, ‘ती. दादास सा. न. आईच्या नानकटाईत तूप एक चिपटं असं माझ्या डायरीत आहे. माझी पसरते. काय चुकतं?’ 

आठ दिवसांनी उत्तर आलं. शाळामास्तरचं अक्षर, एकेक काना ताठ. ते कार्ड माझ्याकडे आहे, वाचून दाखवतो. ‘चिपट्याला आतून एक रेघ आहे. तूप रेघेपर्यंत. काठापर्यंत नाही. आई त्यालाच एक चिपटं म्हणायची. तुमच्याकडे तूप थिजत नसेल. परातीखाली गार पाण्याचं घंगाळ ठेव. आईला त्यासाठी विहिरीचं पाणी लागायचं, मी शेंदून द्यायचो. दादा.’

बघा, आईने खोटं सांगितलं नव्हतं. मी खोटं लिहिलं नव्हतं. रेघेचं तिने सांगितलं नाही कारण तिला ते सांगायची गोष्टच वाटली नाही. तुपाचं चिपटं म्हणजे रेघेपर्यंतचं, हे घरात राहणाऱ्याला माहीत असतं. जो घरात नसतो तो डायरी घेऊन बसतो.

त्या दिवाळीला नानकटाई जमली. चोवीसच्या चोवीस. वरती बारीक तडे गेलेली, जशी असायला हवी तशी. मी डबा भरून कुरिअरने सांगलीला पाठवला. चार दिवसांनी फोन वाजला. दादा म्हणाला, ‘बदाम फार बारीक केलायस.’ मी म्हटलं, ‘मिक्सर आहे.’ तो म्हणाला, ‘थांबून थांबून फिरव.’ आणि फोन ठेवला. 

तेव्हापासून दर दिवाळीला हेच. मी डबा पाठवायचा, त्याने चूक काढायची. नोटिशीचा विषय त्याने कधी काढला नाही. मी दोनदा काढायचा प्रयत्न केला. एकदा तो म्हणाला, ‘लाईन खराब आहे, ऐकू येत नाही.’ दुसऱ्यांदा म्हणाला, ‘सोडा किती घातलास?’

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, तो तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलात. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गावभागातल्या घराचा खालचा मजला पूर्ण पाण्यात. पुतण्याने दादाला आणि वहिनींना बोटीतून बाहेर काढलं. रस्ते सुरू झाल्यावर मी गाडी करून गेलो आणि दोघांना इथे घेऊन आलो. दादाकडे एक पिशवी होती. तीत औषधं, बँकेचं पासबुक, घराचे कागद आणि ते चिपटं. ‘वरच्या माळ्यावर होतं, हाताला लागलं,’ असं तो म्हणाला. माळ्यावर इतर पुष्कळ गोष्टी असणार.

तीन आठवडे दोघे आमच्याकडे होते. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्यांना पाहिलंय, रोज संध्याकाळी खाली बाकावर बसायचे आणि पोरांची शुद्धलेखनाची वही तपासायचे ते हेच. घर साफ व्हायला वेळ लागणार होता, दादा दिवसभर गप्प असायचा. एक दिवस मी परात काढली. भर श्रावणात. सौ. म्हणाल्या, आता कसली नानकटाई? दादा उठून आला, त्याने चिपटं घासून लख्ख केलं आणि आतली रेघ मला दाखवली. नखाने लागते, डोळ्याला सहज दिसत नाही. मग त्याने तूप फेसायला घेतलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, दहा मिनिटांत दमला. पुढचं मी फेसलं. तो शेजारी बसून ‘अजून थांब’ म्हणत राहिला.

त्या दिवशी मी चिपट्यातला प्रत्येक जिन्नस वजनकाट्यावर घालून लिहून घेतला. स्मरणिकेसाठी हा भाग महत्त्वाचा, ज्यांना करायची आहे त्यांनी लिहून घ्या: मैदा २०० ग्रॅम, बेसन ३०, बदामाची भरड ७०, पिठीसाखर १७०, आणि रेघेपर्यंतचं थिजलेलं तूप १८० ग्रॅम. काठापर्यंत भरलं तर तेच तूप २७० भरतं. म्हणजे माझ्या पापडाचं कारण ९० ग्रॅमचं होतं. ओव्हन आधी तापवून १६० वर ठेवायचा आणि अठरा ते वीस मिनिटं. बाहेर काढताना मऊ लागतात म्हणून पुन्हा आत घालू नका, गार झाल्यावर कडक होतात. बदामामुळे खालून लवकर लाल होते, पंधराव्या मिनिटापासून लक्ष ठेवायचं. सव्वीस होतात.

निघताना दादा चिपटं इथेच ठेवून गेला. मी स्टेशनवर म्हटलं, अरे, तुझं राहिलं. म्हणाला, ‘निम्मं तुझंच आहे.’ एवढंच. मग गाडी आली. त्याला माझी नोटीस आठवून म्हणायचं होतं की सहज, हे मी पाच वर्षं झाली तरी ठरवू शकलेलो नाही. आमच्या सौ. म्हणतात, सहज. मला तसं वाटत नाही.

असो. यंदाचा हिशेब देतो आणि बसतो. रौप्यमहोत्सव म्हणून मी यंदा आठ घाणे केले, आंटींच्या मोठ्या ओव्हनमध्ये, बदल्यात मी नाताळाला त्यांचे दोन किलो बदाम सोलून देणार आहे. आठ सव्वीस दोनशे आठ. अठ्ठेचाळीस फ्लॅट, प्रत्येकी चार, एकशे ब्याण्णव. राहिल्या सोळा. त्यातल्या दहा आपल्या वॉचमनना आणि झाडूवाल्या मावशींना. चार करपल्या त्या मी खाल्ल्या. एक सौं.नी तपासणीसाठी खाल्ली आणि पास केली. शिल्लक एक, तिच्यावर अख्खा बदाम आहे. ती कुणी शोधू नका, डब्यांत नाहीये, उद्याच्या कुरिअरने सांगलीला जाईल. दादा आता एकोणऐंशीचा आहे, त्याला डायबेटिस. तो वरचा बदाम काढून खातो आणि खालची नानकटाई नातवाला देतो. मग मला फोन करून सांगतो की तूप अजून पाच मिनिटं फेसायला हवं होतं. खाल्ली नाहीस तर कळलं कसं, असं मी विचारलं की म्हणतो, नुसती मोडून बघितली तरी कळतं.

डबे स्टीलचे आहेत. रिकामे करून बी विंगमध्ये परत आणून द्यावेत, झाकणासकट.